भाडं चाळीस हजार, कपात साडेबारा हजार

भारतातलं घर भाड्याने दिलंय आणि मालक परदेशात राहतो, अशा भाड्यावर शेवटी बसणारा कर पुष्कळदा किरकोळ असतो. जड जाते ती त्याआधीची कपात. म्हणून इथे एकाच घराचा २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा हिशेब करारापासून रिफंडपर्यंत घेतला आहे. भाडं महिना ४०,००० रुपये, मालक अनिवासी, भाडेकरू पगारदार. वर्षभरात भाडेकरूने कापून सरकारकडे भरायची रक्कम होते १,४९,७६० रुपये. मालकाचा खरा कर निघतो १,४४० रुपये. मधले जवळजवळ दीड लाख परत मिळतात, पण त्यासाठी प्रत्येक कागद जागच्या जागी लागतो. आणि बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच महिन्यात.

खाली दिलेली कलमं प्राप्तिकर कायदा १९६१ ची आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या भाड्याला प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं आहे, तेव्हा फॉर्म भरताना क्रमांक तपासून घ्यावेत.

सुरुवात दिवस मोजण्यापासून. परदेशातला पत्ता किंवा व्हिसा यावरून करासाठीचं अनिवासीपण ठरत नाही. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात किती दिवस काढले, त्यावर ते ठरतं. परदेशात स्थायिक असलेला भारतीय नागरिक सुट्टीला येतो तेव्हा त्याला १८२ दिवसांची मर्यादा असते. त्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते, मात्र आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झालेले असतील तरच. पासपोर्टवरचे शिक्के पाहून तारखांचा एक तक्ता करून ठेवावा. पुढे कुणी विचारलं तर हाच पुरावा. डिसेंबरमध्ये नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस त्या वर्षापुरता निवासीच असतो, कारण एप्रिलपासून त्याचे १८२ दिवस भरलेले असतात. त्याच्या भाड्याला अनिवासींचा नियम पुढच्या एप्रिलपासून लागतो. ही तारीख भाडेकरूला मालकानेच कळवायची असते. त्याला ती दुसरीकडून कळण्याचा मार्ग नाही.

याच वेळी प्राप्तिकर पोर्टलवर प्रोफाइलमध्ये ‘अनिवासी’ ही नोंद करून घ्यावी. अनिवासींना आधार जोडणीतून सूट आहे, पण पोर्टलला तुम्ही अनिवासी आहात हे माहीत नसेल तर पॅन निष्क्रिय दिसू शकतो आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड सुटत नाही. बँकेतलं साधं बचत खातंही एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं. अनिवासी झाल्यावर जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमात बसत नाही.

आता करार. पगारदार भाडेकरूला एकच नियम ऐकून माहीत असतो: भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर टीडीएस (पैसे देतानाच वजा होणारा कर) कापायचा, वर्षातून एकदा, फॉर्म २६क्यूसी भरून, स्वतःच्या पॅनवर. तो दर १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के झाला, आधी ५ टक्के होता. त्यामुळे ४०,००० भाडं म्हटल्यावर आपल्याला काहीच करायचं नाही असं तो धरून चालतो. पण तो नियम निवासी मालकासाठी आहे. मालक अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं, आणि तिथे मर्यादाच नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. अधिभार मालकाचं उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्यावरच येतो. ४०,००० मधून १२,४८० कापायचे आणि २७,५२० मालकाच्या खात्यात जमा करायचे.

कायद्याच्या नजरेत ही जबाबदारी भाडेकरूची आहे. त्याने कापलं नाही तर व्याज आणि दंडाची नोटीस त्याला येते. एका साध्या नोकरदार माणसावर हे ओझं टाकतोय याची जाणीव मालकाने ठेवायला हवी. सही होण्याआधी त्याला सगळं सांगणं आणि त्याच्या सीएची फी स्वतः देणं, हाच रास्त मार्ग आहे. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: मालक अनिवासी आहे, भाडं कर कापण्याआधीचं आहे, कपात कलम १९५ खाली होईल, आणि दर तिमाहीला कपातीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, मालकाला मिळेल.

‘कर कापण्याआधीचं’ हे शब्द मुद्दाम. करारात ‘मालकाच्या हातात ४०,००० पडले पाहिजेत, कर भाडेकरू पाहील’ असं लिहिलं तर कलम १९५ए प्रमाणे भाडं उलट दिशेने वाढवून धरलं जातं. ४०,००० ला ०.६८८ ने भागा, ५८,१४० रुपये येतात. म्हणजे भाडेकरूच्या खिशातून दरमहा १८,१४० जास्त जाणार आणि मालकाचं करपात्र भाडंही ५८,१४० होणार. एजंटने दिलेल्या छापील मसुद्यात असं वाक्य आहे का, हे वाचूनच सही करावी.

महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. मालक येऊ शकत नसेल तर बहुधा आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला मुखत्यारपत्र दिलं जातं. परदेशात सही केलेलं मुखत्यारपत्र राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते राहून जातं आणि ऐन नोंदणीच्या वेळी अडतं. मुखत्यारपत्रावरून आणखी एक गैरसमज होतो. भाडं पुण्यातल्या भावाच्या खात्यात जातं, भाऊ निवासी, मग १९५ कशाला, असं विचारलं जातं. कर भाड्याच्या मालकावर आहे, पैसे हातात घेणाऱ्यावर नाही. करारावर पॅन मालकाचा, भाडं मालकाच्या एनआरओ खात्यात, आणि भाऊ फक्त सही करणारा, एवढं ठेवलं की हा घोळ होत नाही.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर हिस्सा करारातच लिहून भाडं त्या प्रमाणात दोन खात्यांत घ्यावं. कपातही दोन पॅनवर वेगळी होते. दोघांपैकी एक निवासी असेल तर १९५ फक्त अनिवासीच्या हिश्श्याला लागतं.

भाडेकरूची पहिली पायरी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक. फॉर्म ४९बी ऑनलाइन भरायचा, फी ७७ रुपये. पॅनवर हे काम होत नाही, इथेच बहुतेकांची गाडी अडते. टॅन आला की तो प्राप्तिकर पोर्टलवर आणि ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी संकेतस्थळावर, दोन्हीकडे नोंदवायचा. पहिलं भाडं देण्याच्या आधी हे झालेलं बरं, कारण कपात भाडं देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, यातलं जे आधी घडेल तेव्हा करायची असते. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं तर तिन्ही महिन्यांची कपात त्याच दिवशी. परत करायच्या डिपॉझिटवर कपात नाही, पण शेवटचे दोन महिने ‘डिपॉझिटमधून वळते करा’ असं ठरलं तर ते भाडंच झालं, आणि त्यावर कापायला हातात रोख उरत नाही. ही सवय आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की करारात ती स्पष्ट शब्दांत नाकारावी.

कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे, मार्चचे ३० एप्रिलपर्यंत. पोर्टलवर टॅनने लॉगिन करून चलन २८१ निवडायचं, कलम १९५, आणि कर ‘कंपनी सोडून इतर’ या शीर्षाखाली, म्हणजे ००२१. भाडेकरू स्वतः कंपनी असेल तर तिथला लेखनिक सवयीने ००२० निवडतो. शीर्ष भाडं घेणाऱ्यावरून ठरतं, देणाऱ्यावरून नाही.

उशिराचं व्याज लोकांना वाटतं त्यापेक्षा महाग पडतं. कापायलाच उशीर झाला तर महिना १ टक्का, कापून भरायला उशीर झाला तर महिना दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. ३१ जुलैला कापलेले १२,४८० रुपये १० ऑगस्टला भरले तर जुलै एक आणि ऑगस्ट दोन असे दोन महिने धरतात, व्याज ३७४ रुपये.

दर तिमाहीला कपातीचं विवरण, म्हणजे फॉर्म २७क्यू. पहिल्या तीन तिमाहींच्या तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, आणि शेवटच्या तिमाहीची ३१ मे. चलन वेळेवर भरून हे विवरण राहून गेलं तर पैसे सरकारकडे पोचलेले असतात, पण मालकाच्या २६एएस या करखात्याच्या उताऱ्यात दिसत नाहीत. वर दिवसाला २०० रुपये शुल्क, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. २७क्यूमध्ये मालकाचा परदेशातला पत्ता, देश, ईमेल, तिकडचा कर ओळख क्रमांक आणि दर प्राप्तिकर कायद्याचा की दोन देशांमधल्या दुहेरी करआकारणी कराराचा, अशा नोंदी लागतात. मालकाने हे सगळं एका कागदावर लिहून भाडेकरूच्या सीएला आधीच पाठवावं. नाहीतर तारीख जवळ आल्यावर ईमेलमागून ईमेल सुरू होतात. विवरण मंजूर झाल्यावर ट्रेसेसवरून फॉर्म १६ए उतरवता येतो.

एवढं सांगूनही भाडेकरूने २६क्यूसी भरून २ टक्के कापले असतील तर? जे भरलं ते मालकाला वजा मिळतं, पण उरलेल्या कपातीसाठी भाडेकरू कसूरदार ठरतो. कायद्यात त्यालाही वाट आहे. मालकाने ते भाडं धरून रिटर्न भरलं, त्यावरचा कर भरला आणि सीएने फॉर्म २६ए मध्ये तसं प्रमाणित केलं, तर भाडेकरूकडून ती रक्कम मागत नाहीत. मालकाच्या रिटर्नच्या तारखेपर्यंतचं १ टक्का व्याज मात्र त्याला भरावंच लागतं. ही सवलत अनिवासी मालकाच्या बाबतीत १ सप्टेंबर २०१९ पासून आहे.

दीड लाख रुपये वर्षभर अडकू नयेत म्हणून कलम १९७ चं कमी कपातीचं प्रमाणपत्र असतं. हे मालकाने मागायचं, ट्रेसेसवर फॉर्म १३ भरून. अर्ज आंतरराष्ट्रीय करआकारणी विभागाच्या अधिकाऱ्याकडे जातो. सोबत भाडेकरार, चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज, मागच्या चार वर्षांची रिटर्न्स आणि कर्ज असेल तर बँकेचं व्याजाचं पत्र. अर्जात भाडेकरूचा टॅन लागतो, म्हणून टॅनशिवाय हे काम पुढे सरकत नाही. प्रमाणपत्र त्या टॅनपुरतं, ठरावीक रकमेपर्यंत आणि त्या आर्थिक वर्षापुरतं असतं. मागच्या महिन्यांना ते लागू होत नाही. जुनी रिटर्न्सच भरलेली नसतील तर अधिकाऱ्यापुढे दाखवायला काही नसतं, आणि अर्ज तिथेच कमकुवत होतो. वर्षाला चार-पाच लाख भाडं असेल तर आमच्या मते ही खटपट करावीच. भाडेकरू सहा महिन्यांत जाणार असेल तर सरळ रिफंड घ्यावा.

दुहेरी करआकारणी करारामुळे हा दर कमी होईल असं पुष्कळांना वाटतं. तिकडचं निवासाचं प्रमाणपत्र आणि फॉर्म १०एफ एनआरओ ठेवींच्या व्याजावर कामाला येतात, कारण कराराने व्याजाला कमाल दर घालून दिलेला असतो. स्थावर मालमत्तेचं उत्पन्न याच कराराच्या कलम ६ मध्ये आहे. जिथे घर आहे त्या देशाला त्यावर कर घेण्याचा हक्क ते कलम देतं, आणि दराची मर्यादा तिथे नाही.

हिशेब असा. वर्षाचं भाडं ४,८०,०००. मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी १२,००० वजा, राहिले ४,६८,०००. त्यातून ३० टक्के ठोक वजावट १,४०,४०० आणि करपात्र उत्पन्न ३,२७,६००. २०२४-२५ च्या नव्या करप्रणालीत पहिले तीन लाख मुक्त, उरलेल्या २७,६०० वर ५ टक्के म्हणजे १,३८०, उपकर धरून आणि दहाच्या पटीत १,४४०. रिफंड १,४८,३२०. घरासाठी कर्ज असेल तर त्याचं व्याजही वजा होतं. भाड्याच्या घराला २ लाखांची मर्यादा व्याजावर नाही, ती जुन्या प्रणालीत तोटा इतर उत्पन्नातून वळता करण्यावर आहे. नव्या प्रणालीत तसा वळताच करता येत नाही.

सोसायटीचा मेंटेनन्स, ना-वापर शुल्क, दलाली, रंगकाम यांतलं काहीही वेगळं वजा होत नाही. ते सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. म्हणून मेंटेनन्स भाड्यात मिसळण्याऐवजी भाडेकरूने थेट सोसायटीला भरावा असं करारात ठेवलं तर बरं. मिसळला की त्यावरही ३१.२ टक्के कपात होते. घरपट्टीची थकबाकी असेल तर ती ३१ मार्चच्या आत भरावी, भरलेल्या वर्षातच वजावट मिळते.

एक फरक डोक्यात पक्का असावा. कलम ८७ए ची सूट फक्त निवासींना आहे. २०२५-२६ पासून ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ असं जे म्हणतात ते याच सुटीमुळे. अनिवासीला मिळते ती फक्त चार लाखांची मुक्त मर्यादा. करपात्र उत्पन्न आठ लाख असेल तर निवासीचा कर शून्य, अनिवासीचा २०,८००. आपल्या उदाहरणातल्या घराचा कर मात्र त्या वर्षी शून्यावर येतो. तरीही रिटर्न भरावंच लागतं, कारण वर्षात २५,००० किंवा त्याहून जास्त टीडीएस कापला असेल तर उत्पन्न मर्यादेखाली असूनही ते बंधनकारक आहे.

रिटर्न आयटीआर-२ वर. आयटीआर-१ अनिवासीला चालत नाही. शेवटच्या तिमाहीचा फॉर्म १६ए जूनच्या मध्यापर्यंत येतो, त्याआधी घाई करू नये. २६एएस आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांची प्राप्तिकर खात्याकडची माहिती) दोन्ही उतरवून कपातीची प्रत्येक ओळ १६ए शी जुळवावी. पॅनमध्ये एक अक्षर चुकलं असेल तर दुरुस्तीचं २७क्यू भाडेकरूनेच भरायचं असतं, आणि तो तोवर घर सोडून गेलेला असेल तर ते काम फार लांबतं. एआयएसमध्ये आणखी एक माहिती येऊ शकते: वर्षाला एक लाखाच्या वर भाडं दाखवून एचआरए घेणाऱ्याला मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. कपात न करता एचआरए घेतलेला भाडेकरू आणि भाडं न दाखवलेला मालक, दोघेही तिथे सापडतात.

कपात झालीच नसेल तर मालकाने आगाऊ कर भरायला हवा. ‘भाडेकरूने कापायला हवा होता’ म्हणून ती रक्कम वजा धरता येत नाही. वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळाव्यात.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी. आधारचा ओटीपी भारतातल्या मोबाइलवर येतो, तो क्रमांक बंद पडला असेल तर नेटबँकिंग किंवा आधीच तपासून घेतलेल्या बँक खात्यातून कोड घ्यावा. रिफंडसाठी एनआरओ खातं पोर्टलवर प्रमाणित करून ठेवावं. बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरशः एक नसेल तर प्रमाणीकरण नाकारलं जातं. नेहमीची मुदत ३१ जुलै, उशिराची ३१ डिसेंबर. डिसेंबर गेला की अद्ययावत रिटर्नने रिफंड मागता येत नाही. उरतो तो विलंब माफीचा अर्ज, आकारणी वर्ष (आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत.

पैसे परदेशी न्यायचे तर भाडं हे चालू उत्पन्न असल्यामुळे ते वर्षाच्या १० लाख डॉलरच्या मर्यादेत मोजत नाहीत. बँक फॉर्म १५सीए, म्हणजे परदेशी पाठवायच्या रकमेची घोषणा, मागते. वर्षात ५ लाखांपर्यंत करपात्र रक्कम असेल तर भाग ए पुरतो. त्यावर गेली की सीएचं प्रमाणपत्र १५सीबी आणि भाग सी, किंवा कमी कपातीचं प्रमाणपत्र असेल तर भाग बी.

तिकडच्या रिटर्नमध्येही हे भाडं दाखवावं लागतं, तो देश जगभरच्या उत्पन्नावर कर घेत असेल तर. अमेरिकेत शेड्यूल ई वर भाडं आणि फॉर्म १११६ वर भारतातल्या कराची तिकडच्या करातून वजावट. तिथे आपली ३० टक्क्यांची ठोक वजावट चालत नाही, प्रत्यक्ष खर्च आणि घसारा धरतात. तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचं ६ एप्रिलपासून, ऑस्ट्रेलियाचं जुलैपासून, म्हणून भाडं महिन्यानुसार लिहिलेलं असावं. आणि वजावट मागायची ती अंतिम कराची, कपातीची नव्हे. आपल्या उदाहरणात ती १,४४० ची, १,४९,७६० ची नाही. परत मिळणारा पैसा कर म्हणून दाखवला की पुढच्या वर्षी तिकडचं रिटर्न दुरुस्त करत बसावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, तिथे भारतातला हिशेब हाच शेवटचा.

भाडेकरू घर सोडतो तेव्हा त्याच्याकडून शेवटच्या महिन्याचं चलन आणि त्या तिमाहीच्या २७क्यूची जबाबदारी लेखी घ्यावी, त्याच्या सीएचा फोन नंबर आणि टॅन आपल्याकडे नोंदवावा. पुढच्या तिमाहींसाठी त्याने ट्रेसेसवर ‘विवरण देणं लागत नाही’ अशी घोषणा करावी. नवा भाडेकरू आला की नवा टॅन, आणि फॉर्म १३ पुन्हा पहिल्यापासून.